दावा दूरच्या गावी लागला तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी वक्त्याने मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, अशी रीत आहे. तो गौरव माझ्याआधी बोललेल्या भगिनींनी मनापासून केला आहे. त्यात मी भर घालीत नाही. चिटणीसबाईंनी मला बजावले होते, "कायद्यावर बोला, पण आमच्या उपयोगाचे बोला." म्हणून एकच विषय घेते. दावा एका गावी चालतो आणि आपण राहतो दुसऱ्या गावी. अशा वेळी तो दावा योग्य त्या न्यायालयात आणता येतो काय, आणि येत असेल तर कोणाकडे व कसे मागावे, हा तो विषय.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो. म्हण खोटी नाही. पण ती दावा लावणाऱ्यासाठी आहे. ज्याच्यावर दावा लागतो, त्याला पायरी चढायची की नाही हे ठरवण्याची मुभा नसते. बेलिफ दारात येतो किंवा टपालाने पाकीट येते, आत समन्स असते, त्यावर तारीख असते आणि न्यायालयाचे गाव असते. आपण गेलो नाही, तर न्यायालय आपली वाट पाहत बसत नाही. ते आपल्यावाचून पुढे चालते आणि एकतर्फी हुकूमनामा करून मोकळे होते.

मी जालन्यास वकिली करते. माझ्याकडे आलेल्या दोन मुलींची हकीकत नावे न घेता सांगते. दोघी आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांतल्या. दोघींच्या नवऱ्यांनी पुण्यास घटस्फोटाचे अर्ज केले होते. पहिलीच्या कडेवर आठ महिन्यांचे मूल होते. समन्स मिळाल्यापासून चौथ्या दिवशी ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. दुसरीच्या घरी समन्स आले, तेव्हा तिचे वडील म्हणाले, "त्यांनी लावला आहे, त्यांनीच चालवावा. आपण कशाला खर्चात पडायचे?" पाकीट देव्हाऱ्यामागे ठेवले गेले. पहिलीचे प्रकरण पुढे जालन्यास आले. दुसरी आली तेव्हा हातात हुकूमनाम्याची नक्कल होती. ती कायद्याने विवाहिता राहिली नव्हती आणि तिचे म्हणणे कोणी ऐकलेही नव्हते. दोघींचे दुःख सारखेच होते. फरक पडला तो पाकीट उघडून वेळेवर कोणाला तरी विचारण्याने.

आता मुळाशी जाऊ. दावा कोठे लावायचा, हे लावणाऱ्याच्या लहरीवर नसते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने त्याचे नियम घालून दिले आहेत. शेत, घर, जागा अशा स्थावर मिळकतीचा दावा मिळकत असेल तेथेच चालायचा. मंठ्याच्या शेताच्या वाटणीसाठी कोणी नाशकात दावा लावीन म्हणेल, तर ते चालत नाही. पैशाचा किंवा कराराचा दावा बहुधा प्रतिवादी राहतो तेथे, किंवा ज्या व्यवहारातून तंटा उभा राहिला तो जेथे झाला तेथे. घटस्फोट, नांदावयास येणे वगैरे प्रकरणांचे नियम १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आहेत. लग्न जेथे लागले ते ठिकाण, सामनेवाला जेथे राहतो ते ठिकाण, किंवा दोघे शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. २००३ साली या यादीत एक मोलाची भर पडली. अर्ज करणारी पत्नी असेल, तर ती स्वतः त्या वेळी जेथे राहत असेल तेथेही तिला अर्ज करता येतो. म्हणजे माहेरी परतलेली जालन्याची मुलगी स्वतः अर्ज करणार असेल, तर तिला पुण्यास किंवा मुंबईस जाण्याचे कारण नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानेही ती कायमची वा तात्पुरती जेथे राहते तेथे दाद मागण्याची सोय ठेवली आहे. पोटगीचा अर्जही ती राहते तेथे करता येतो.

अडचण येते ती पतीने आधी अर्ज केला म्हणजे. संसार पुण्यास झाला होता, तेव्हा पुण्याच्या न्यायालयाला अधिकार आहेच. त्या न्यायालयाने काही चूक केलेली नसते. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. न्यायालयाला अधिकारच नसेल, तर तशी हरकत अगदी सुरुवातीला, मुद्दे काढण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि न्यायालय दावा योग्य ठिकाणी दाखल करण्यासाठी परत देते. पण न्यायालयाला अधिकार आहे आणि तरीही तेथे दावा चालला तर एका बाजूला न्याय मिळणे कठीण आहे, अशी स्थिती असेल, तेव्हा मागायची ती दावा वर्ग करण्याची परवानगी. आपला विषय हा दुसरा.

ही परवानगी कोण देते? तीन दारे आहेत. कोणते दार ठोठवायचे, ते दावा कोठून कोठे न्यायचा यावर ठरते.

पहिले दार जिल्हा न्यायालयाचे. जिल्ह्याच्या आतल्या एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात दावा नेणे हे संहितेच्या कलम २४ प्रमाणे जिल्हा न्यायालयाच्या हाती आहे. समजा, एका विधवा भगिनीच्या शेतावरून दिराने अंबडला एक दावा लावला, आणि त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या शेतावरून चुलत दिराने परतूरला दुसरा. साक्षीदार तेच, कागद तेच, वंशावळ तीच. दोन्ही दावे एकाच न्यायाधीशापुढे चालावेत, नाहीतर दोन ठिकाणी दोन परस्परविरुद्ध निकाल होतील, हे कारण पुरेसे सबळ आहे. त्यासाठी मुंबईस जावे लागत नाही. जालन्यास अर्ज करावा.

दुसरे दार उच्च न्यायालयाचे. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, पण महाराष्ट्राच्या आत, दावा न्यायचा असेल तर त्याच कलम २४ प्रमाणे उच्च न्यायालय हुकूम देते. पहिल्या मुलीचे प्रकरण या दाराने आले. मुंबई उच्च न्यायालयाची बैठक एकाहून अधिक ठिकाणी भरते. तेव्हा अर्ज कोणत्या ठिकाणी द्यायचा हे वकिलास आधीच विचारून घ्यावे. एकाच घराची दोन गावे वेगवेगळ्या खंडपीठांखाली येऊ शकतात. आपला जालना जिल्हा औरंगाबाद खंडपीठाखाली आहे आणि शेजारचा बुलढाणा नागपूर खंडपीठाखाली. देऊळगाव राजा आपल्याला हाकेच्या अंतरावर वाटते, पण उच्च न्यायालयाच्या दृष्टीने ते वेगळ्या दिशेला आहे.

तिसरे दार सर्वोच्च न्यायालयाचे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा न्यायचा असेल, तर कलम २५ प्रमाणे तो अधिकार फक्त दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाला आहे. हे कलम आज ज्या रूपात आहे, ते १९७६ च्या दुरुस्तीने आले. या बाबतीतला एक निकाल आपल्या महाराष्ट्रातील भगिनीशी संबंधित आहे, म्हणून तो नीट सांगते. पतीने उज्जैनला घटस्फोटाचा अर्ज केला होता. पत्नी नाशिक जिल्ह्यातील मालेगावची. तिने मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाकडे मागणी केली की, प्रकरण मालेगावला पाठवावे, आणि त्या न्यायालयाने ते मान्य केले. पती सर्वोच्च न्यायालयात गेला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, एका उच्च न्यायालयाला आपल्या हाताखालचे प्रकरण दुसऱ्या उच्च न्यायालयाच्या हाताखालील न्यायालयात पाठविता येत नाही. ते फक्त सर्वोच्च न्यायालय करू शकते. पत्नीची अडचण खोटी होती असे कोणी म्हटले नाही. दार चुकीचे ठोठावले गेले, एवढेच. आपल्याकडून कितीतरी मुली सुरतेस, इंदुरास, हैदराबादेस दिलेल्या आहेत. त्यांच्या आयांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

तसाच दुसरा एक निकाल १९८१ चा आहे. पत्नी आंध्रातील, पतीचा अर्ज राजस्थानात उदयपूरला. पतीचे म्हणणे असे की, हिंदू विवाह कायद्यात प्रकरणे वर्ग करण्याचे स्वतंत्र कलम आहे. त्यामुळे दिवाणी संहितेचे कलम २५ येथे लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. विवाहाच्या प्रकरणांनाही कलम २५ चे दार उघडे आहे, हे तेव्हा पक्के झाले.

आता दार उघडल्यावर न्यायाधीश काय पाहतात? बाई आहे म्हणून अर्ज आपोआप मंजूर होतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. कलमाचा गाभा एकच आहे, आणि तो म्हणजे न्यायाचा हेतू साधला पाहिजे. २०२२ साली वेल्लोरहून चेन्नईस प्रकरण नेण्याच्या एका मागणीत सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेण्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत. दोन्ही पक्षांची आर्थिक ताकद, त्यांचा सामाजिक थर, लग्नापूर्वीचे व नंतरचे राहणीमान, पोट भरण्याची साधने, आणि ती कोणाच्या आधाराने जगते आहे, हे सर्व पाहावे; आणि आपल्या समाजाची घडी लक्षात घेता सामान्यतः पत्नीची सोय पाहावी, असे न्यायालयाने म्हटले. यातला "सामान्यतः" हा शब्द विसरू नये. दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने, स्त्रियांना दाखविलेल्या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो आहे, असे सुनावून मागणी नाकारली होती आणि पतीने तिच्या येण्याजाण्याचा खर्च द्यावा, असा मार्ग काढला होता. हा मार्ग अनेकदा सुचविला जातो. म्हणून अर्जात नुसते "मला त्रास होतो" असे लिहून भागत नाही. मूल किती महिन्यांचे, अंगावर पिते की नाही, आईवडील किती थकलेले, बरोबर येणारे कोणी आहे काय, एका तारखेस किती दिवस मोडतात, मजुरी किती बुडते, दवाखान्याचे कागद काय सांगतात, हे सारे शपथपत्रावर यावे लागते.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. नवराही कोणाचा तरी मुलगा असतो, आणि त्याची आईही आपल्यासारख्याच एखाद्या मंडळात बसत असेल. त्याचा बाप अंथरुणाला खिळलेला असेल आणि सून सरकारी नोकरीत असेल, तर अंतराचा भार कोणावर जास्त पडतो, हे न्यायाधीश पाहणारच. आपल्या सुनेवर दूरच्या गावी दावा लावण्याचा सल्ला कोणी घरात देऊ लागला, तर सासू म्हणून आपणही हाच विचार करावा. माणसाला तारखांनी थकवून जिंकलेला दावा घराला लाभत नाही. उगाच त्रास देण्यासाठी केलेला बदलीचा अर्ज फेटाळताना विरुद्ध बाजूला दोन हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालय करू शकते, अशी तरतूद कलम २५ मध्येच आहे. रक्कम लहान आहे, पण तिच्यामागचा विचार लहान नाही.

अलीकडे एक नवा प्रश्न निघाला आहे. पडद्यावरून समोरासमोर बोलता येते, मग दावा हलवायचा कशाला? २०१७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचे एक प्रकरण हैदराबादला पाठविताना असाच विचार मांडला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तीन न्यायाधीशांच्या पीठाने, दोन विरुद्ध एक अशा मताने, तो बदलला. विवाहाच्या प्रकरणात आधी समेटाचा प्रयत्न व्हायचा असतो, तो समोरासमोर आणि खाजगीत व्हावा; समेट फसल्यावर दोन्ही पक्षांची संमती असेल, तर पडद्यावरून साक्ष घेण्याची परवानगी कौटुंबिक न्यायालय देऊ शकते, असे बहुमताने ठरले. २०२० च्या साथीनंतर ही पद्धत न्यायालयांत पुष्कळच रुळली आहे. तरी माझे मत सांगते. ज्या मुलीच्या घरी एकच मोबाईल आहे आणि तोही भावाच्या खिशात आहे, तिने त्या पडद्यावर बसून सासरच्या गोष्टी कोणापुढे सांगायच्या? सोय ही ज्याची त्याची पाहावी लागते.

आता समन्स आले तर काय करावे, ते थोडक्यात. पहिले, पाकीट घ्यावे. न घेतल्याने दावा टळत नाही. घेतल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवावी, कारण दिवाणी दाव्यात आपली कैफियत द्यायला तीस दिवसांची मुदत असते. न्यायालय ती वाढवून देऊ शकते, पण सामान्यपणे नव्वद दिवसांपुढे नाही. दुसरे, बदलीचा अर्ज केला म्हणजे मूळ दावा थांबला, असे समजू नये. वरिष्ठ न्यायालयाने स्थगिती दिली, तरच तो थांबतो. तोवर मूळ न्यायालयात वकीलपत्र दाखल करून तारखा सांभाळाव्याच लागतात. या एका गैरसमजापायी कितीतरी जणींचे नुकसान झाले आहे. तिसरे, अर्ज लवकर करावा. कायद्याने तो कोणत्याही टप्प्यावर करता येतो. पण साक्षीपुरावा संपत आल्यावर केलेल्या अर्जाकडे न्यायाधीश संशयाने पाहतात. चौथे, दावा वर्ग झाला म्हणजे झालेले काम वाया जात नाही. नवे न्यायालय तो जेथे थांबला होता तेथून पुढे चालवू शकते, किंवा जरूर वाटल्यास पुन्हा पहिल्यापासून चालवू शकते. पाचवे, एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल, तरी हातपाय गाळू नयेत. समन्स नीट बजावले गेले नव्हते किंवा सबळ कारणाने हजर राहता आले नाही, असे दाखविता आले, तर तो रद्द करून मागता येतो. मुदत हुकूमनाम्यापासून तीस दिवसांची असते. समन्स नीट बजावलेच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवसांची. दुसऱ्या मुलीचे पाकीट देव्हाऱ्यामागे होते. समन्स बजावले गेले होते. त्यामुळे तिची वाट फार अवघड झाली.

"वकिलाला पैसे कोठून आणायचे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तालुक्याला समिती असते. उच्च न्यायालयासाठी व सर्वोच्च न्यायालयासाठीही अशाच समित्या आहेत. १५१०० या क्रमांकावर फोन केला, तर वाट दाखवितात. शिवाय पतीने लावलेल्या विवाहाच्या दाव्यात, स्वतःचे पुरेसे उत्पन्न नसेल, तर खटल्याचा खर्च आणि दरम्यानची पोटगी मागण्याचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे करता येतो. आकडा तोच, २४. पण कायदा वेगळा. गोंधळू नये.

भगिनींनो, न्याय माणसाच्या जवळ असावा, ही मागणी आपल्या मराठवाड्याला नवी नाही. १९५६ पर्यंत आपले उच्च न्यायालय हैदराबादेस होते, पुढे ते मुंबईस गेले. जालना हा तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. औरंगाबादेतील चार तालुके आणि परभणीतील परतूर, मिळून आपला जिल्हा घडला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, उच्च न्यायालयाची बैठक सुरू झाली. तिलाही आव्हान दिले गेले होते आणि १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. १९८४ साली ते कायमचे खंडपीठ झाले. जे न्यायालय आमच्या आजोबांना मुंबईस होते, ते आज साठ किलोमीटरवर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांनीही कोल्हापूरसाठी अशीच वर्षानुवर्षे मागणी केली आणि तेथील कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. सबंध प्रदेशाने जे मागितले, तेच एखादी मुलगी आपल्या एका अर्जात मागते. माझे म्हणणे मला सांगता येईल इतक्या अंतरावर न्यायाधीश असावा, एवढेच तिचे मागणे असते.

शेवटी मंडळाला एक सूचना करते. आपण हळदीकुंकू करतो, शिवणवर्ग चालवितो, मुलींना वह्या देतो. त्याबरोबरच मंडळाने एक साधी वही ठेवावी. ज्या घरी समन्स आले, त्या घरच्या बाईने येऊन तारीख आणि न्यायालयाचे गाव तीत लिहून घ्यावे, आणि आपल्यापैकी एकीने दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर विधी सेवेच्या कार्यालयात जावे. कायद्याचे ज्ञान त्यासाठी लागत नाही. बरोबर चालणारी एक बाई लागते. कार्यालयाच्या दारात एकटी उभी राहिलेली मुलगी बहुधा परत फिरते, आणि दोघी असल्या म्हणजे आत जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ही वही आजच्या दिवशी सुरू झाली, तर हा वर्धापनदिन सार्थकी लागला असे मी म्हणेन.